पहिल्या खंडातील दया



एखाद्या घातकी जिवाला ठार करण्याची संधी हाती आली असता कोणी दयेपोटी त्याला सोडून दिले, आणि पुढे त्याच्याच तोंडून निघालेल्या दोन शब्दांमुळे निरपराध माणसांवर संकट कोसळले, तर ती दया चुकीची ठरते काय? प्रश्न जुना आहे. उपदेशपीठावरून त्याचे उत्तर देणे आपणांस फारसे जड जात नाही, कारण तेथे आपण बहुधा शेवट ठाऊक असलेल्या कथाच सांगतो. योसेफाने भावांना क्षमा केली आणि सारे घराणे दुष्काळातून वाचले. दाविदाने एन-गेदीच्या गुहेत शौलाच्या झग्याचा काठ तेवढा कापून घेतला, आणि कालांतराने राज्य त्याच्याकडेच आले. शेवट माहीत असला म्हणजे दया शहाणपणाची दिसते.

शेवट माहीत नसताना ती कशी दिसते हे पाहावयाचे असेल, तर एखाद्या दीर्घ महाकथेचा पहिलाच खंड वाचावा आणि तेथे काही काळ थांबावे. जे. आर. आर. टोल्कीन ह्यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ह्या कल्पित महाकथेचा 'द फेलोशिप ऑफ द रिंग' हा पहिला खंड मी अशा रीतीने वाचला, आणि जे हाती लागले ते आपणांपुढे ठेवीत आहे. हा खंड लंडनमध्ये २९ जुलै १९५४ रोजी प्रसिद्ध झाला. दुसरा त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला, आणि तिसरा २० ऑक्टोबर १९५५ रोजी. लेखकाच्या मते हा ग्रंथ एकच होता. तो तीन भागांत निघाला तो केवळ महाग कागदामुळे आणि प्रकाशकाच्या आर्थिक धास्तीमुळे. परंतु त्यामुळे पहिल्या वाचकांच्या वाट्याला एक विलक्षण अवस्था आली. जवळजवळ पंधरा महिने त्यांना कथेचा शेवट ठाऊक नव्हता. मराठीत मुग्धा कर्णिक ह्यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' ह्या नावाने ह्या ग्रंथाचा अनुवाद केला आहे. ज्यांना इंग्रजी जड जाते त्यांनी तो अवश्य पाहावा.

आम्हां रायपूरकरांना महाकथा अपरिचित नाही. तीजनबाईंनी जी कला जगभर पोहोचविली आणि जिच्यासाठी त्यांना २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले, ती पंडवानी ह्या मातीतलीच. परंतु तंबुरा हाती घेऊन गाणारी स्त्री द्रौपदीची विटंबना वर्णू लागते, तेव्हा समोरच्या शेवटच्या रांगेतील लहान मुलालाही दुःशासनाचे पुढे काय होणार हे ठाऊक असते. त्या आधारावरच तो प्रसंग सहन होतो. नव्या महाकथेचा पहिला खंड हा आधार काढून घेतो. आणि आपले रोजचे आयुष्य, खरे पाहता, पंडवानीच्या श्रोत्यासारखे नसून ह्या वाचकासारखेच असते.

पुढे जाण्यापूर्वी एका शंकेचा विचार करणे भाग आहे, कारण ती मंडळ्यांतून वारंवार विचारली जाते. ज्या पुस्तकात जादूगार आहेत, मंतरलेली अंगठी आहे, असे पुस्तक ख्रिस्ती मनुष्याने वाचावे काय? अनुवादाच्या अठराव्या अध्यायात जादूटोणा व मंत्रतंत्र ह्यांना स्पष्ट मनाई आहे, आणि इफिस येथे विश्वास ठेवणाऱ्यांनी पन्नास हजार रुपये किमतीची जादूची पुस्तके जाळल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे. ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तथापि ज्या विद्येला शास्त्र निषिद्ध मानते तिचे मर्म दुसऱ्याच्या इच्छेवर व अदृश्य शक्तींवर सत्ता गाजविणे हे आहे. आणि टोल्कीनांची सारी कथा अशी सत्ता देणारी अंगठी वापरावयाची नाही, तर नष्ट करावयाची, ह्याच एका निश्चयाभोवती फिरते. लेखक स्वतः श्रद्धाळू कॅथोलिक होते, आणि आपली कथा मुळात धार्मिकच आहे असे त्यांनी एका धर्मगुरूंना पत्राने कळविले होते. शिवाय कल्पित प्रवासकथेचे आपल्या मंडळीला वावडे कधी होते? जॉन बन्यनची यात्रिकाची कथा हरि केशवजी ह्यांनी १८४१ साली 'यात्रिक क्रमण' म्हणून मराठीत आणली. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' अजून सोळा वर्षे दूर होते.

बन्यनचे नाव निघालेच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. १६७८ सालच्या पहिल्या भागात यात्रेकरू एकटा निघतो. बायको व मुले त्याला वेडा ठरवून नाशाच्या नगरात मागे राहतात, आणि पुस्तक संपते तेव्हाही ती तेथेच असतात. त्या स्त्रीला बन्यनने त्याच वाटेने चालविले ते १६८४ साली, दुसऱ्या भागात. मधल्या सहा वर्षांत किती वाचकांनी तिला गमावलेली मानले असेल! आपण आपल्या नातेवाइकांविषयी असे निकाल किती लवकर देतो, हे प्रत्येकाने आपल्याशी पाहावे.

आता मूळ विषयाकडे येतो. 'फेलोशिप'च्या दुसऱ्याच प्रकरणात वृद्ध, ज्ञानी गॅन्डाल्फ तरुण फ्रोडोला त्याच्याकडे वारशाने आलेल्या अंगठीचा इतिहास सांगतो. ती पूर्वी गोलम नावाच्या एका हीन, खुनशी प्राण्याजवळ होती. तिच्यासाठी त्याने आपल्या मित्राचा गळा दाबला होता. फ्रोडोचा आप्त बिल्बो ह्याला त्या गोलमला मारण्याची संधी मिळाली होती. त्याने मारले नाही. पुढे गोलम शत्रूच्या हाती सापडला, त्याचा छळ झाला आणि त्याच्या तोंडून बिल्बोचे आडनाव व त्याच्या मुलखाचे नाव बाहेर पडले. म्हणून आता काळे स्वार फ्रोडोच्या शोधात निघाले आहेत. हे ऐकून फ्रोडो उद्गारतो की बिल्बोने त्या नीचाला तेव्हाच संपविले असते तर किती बरे झाले असते. गॅन्डाल्फ त्याला उत्तर देतो ते थोडक्यात असे : दयेनेच त्याचा हात आवरला, मरण्यास योग्य असे पुष्कळ जण जगतात आणि जगण्यास योग्य असे काही मरतात, त्यांना तू जीवन देऊ शकशील काय? मग मरण वाटण्याची घाई करू नकोस. शहाण्यातल्या शहाण्यालाही सगळे शेवट दिसत नाहीत.

वाचकहो, येथे जमाखर्च मांडून पाहा. गोलमपुढे अजून काहीतरी वाढून ठेवलेले आहे, असे गॅन्डाल्फला वाटते. पण ते चांगले की वाईट हे तो सांगत नाही. तो फलाची हमी देत नाही. आणि पहिला खंड पुढे वाचीत गेलो तर खर्चाचीच बाजू वाढत जाते. एल्रॉन्डच्या घरी भरलेल्या सभेत लेगोलस सांगतो की बंदिवान गोलमची दया येऊन आमच्या लोकांनी त्याला मोकळ्या हवेत झाडावर चढू दिले; एका रात्री तो खाली उतरेना, तोच शत्रूची टोळी चालून आली, पहारेकरी मारले गेले अथवा पकडले गेले आणि गोलम निसटला. (ह्यावर वृद्ध ग्लोइन कुरकुरतो की आम्ही तुमच्या बंदीत होतो तेव्हा इतकी माया दाखविली नव्हती. दयेची वाटणी सारखी होत नाही, ही तक्रार किती मानवी आहे!) पुढे हाच गोलम अंधारात नदीवरून ह्या प्रवाशांचा माग काढीत राहतो. खंड संपतो तेव्हा त्याच्यावर केलेल्या दयेचे एकही चांगले फळ वाचकाच्या हाती लागलेले नसते. बोरोमिरची गोष्टही अशीच. तो अंगठीच्या लोभाने फ्रोडोवर हात टाकतो, लगेच रडून पश्चात्ताप करतो, आणि खंड मिटतो. पुढे तो कसा मरतो हे समजण्यासाठी १९५४ सालच्या वाचकाला नोव्हेंबरपर्यंत थांबावे लागले.

ह्या संवादात एक लहानसे वाक्य आहे, आणि पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्याला ते सोडून पुढे जाता येत नाही. मला गोलमची मुळीच दया येत नाही, असे फ्रोडो म्हणतो, तेव्हा गॅन्डाल्फ त्याला दोष देत नाही. तो एवढेच म्हणतो की तू त्याला पाहिलेले नाहीस. दुसऱ्या खंडात फ्रोडो गोलमला प्रत्यक्ष पाहतो आणि त्याला दया येते. तसे तो बोलूनही दाखवितो.

दया डोळ्यांत असते, हे इब्री भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दया करणे, गय करणे ह्या अर्थाचे 'हूस' हे इब्री क्रियापद पुष्कळदा 'अयिन' म्हणजे डोळा ह्या शब्दाबरोबर येते. यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायात उघड्या रानात टाकून दिलेल्या तान्ह्या मुलीविषयी सांगताना, कोणाच्याही डोळ्याला तिची दया आली नाही अशी मूळ रचना आहे. मराठीत ती उतरविताना भाषांतरकाराची पंचाईत होते. 'कीव' म्हणावे तर त्या शब्दात आता तुच्छता मिसळली आहे. आपण ज्याची कीव करतो त्याला आपण खाली बसवितो. 'दया' शब्द भिक्षेच्या वाडग्यापाशी घोटाळतो. 'कळवळा' सर्वांत जवळचा, कारण तो पोटातून येतो. लूककृत शुभवर्तमानात कळवळ्याचे ग्रीक क्रियापद तीनदा आले आहे : नाईन गावाची विधवा, वाटेत पडलेला जखमी मनुष्य आणि दुरून येणारा उधळ्या पुत्र. तिन्ही ठिकाणी आधी पाहणे आहे, मग कळवळा. अर्थात याजकानेही त्या जखमी मनुष्याला पाहिले होते, आणि लेव्यानेही. पाहिले म्हणजे पुरते, असे म्हणण्याची सोय प्रभूने ठेवलेली नाही.

दयेविषयी आणखी एक अवघड गोष्ट त्याच प्रकरणात आहे. घाबरलेला फ्रोडो ती अंगठी गॅन्डाल्फलाच देऊ करतो. तो नाकारतो, आणि कारण सांगतो ते असे की अंगठी माझ्या हृदयात शिरेल ती दयेच्याच वाटेने. दुर्बळांचा कळवळा येऊन त्यांचे भले करण्यासाठी मला सामर्थ्य हवेसे वाटेल. ज्या तोंडाने दयेची थोरवी सांगितली त्याच तोंडाने, काही पानांच्या अंतराने, दयेचे भय सांगितले आहे. आपल्या संस्थांच्या, रुग्णालयांच्या व वसतिगृहांच्या दीर्घ इतिहासात दयेच्या हातात सत्ता आली तेव्हा काय काय झाले, ह्याचा विचार हे वाक्य वाचून मनात आल्याशिवाय राहत नाही. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

तिसऱ्या खंडात काय होते हे आपणांपैकी अनेकांना चित्रपटांमुळे ठाऊक असेल. ज्वालामुखीच्या कडेवर पोहोचल्यावर फ्रोडोचीच इच्छाशक्ती ढळते. तो अंगठी टाकण्याऐवजी आपली म्हणून बोटात घालतो. तेव्हा गोलम झडप घालून अंगठीसकट त्याचे बोट दातांनी तोडतो, आणि तोल जाऊन अग्नीत पडतो. अंगठी नष्ट होते. ज्याला मारले नाही त्याच्याच मुळे जग वाचते. हा शेवट अपूर्व आहे ह्यात संशय नाही. परंतु ह्यावर आधारलेली व्याख्याने व लेख वाचताना मी अस्वस्थ होतो, कारण त्यांचा निष्कर्ष बहुधा असा असतो की पाहा, दया केली म्हणून शेवटी लाभ झाला. असे असेल तर दया ही एक दूरदृष्टीची गुंतवणूक ठरते. मग ज्या ज्या ठिकाणी लाभ झाला नाही त्या त्या ठिकाणी दया करणारा मूर्ख ठरतो. बिल्बोने हात आवरला तेव्हा त्याच्यापुढे तिसरा खंड नव्हता. त्याच्यापुढे अंधारात बसलेला एक एकाकी, दुःखी जीव होता. त्याची दया योग्य असेल तर ती त्या क्षणीच योग्य होती. गोलम पुढे कधीही उपयोगी पडला नसता तरीही.

हे म्हणणे अति ताणलेले वाटेल. म्हणून पवित्र शास्त्रातील एक उदाहरण घेऊ, आणि योगायोग असा की ते उदाहरण टोल्कीनांच्याही हाताखालून गेले होते. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी 'जेरूसलेम बायबल'च्या कामात त्यांचा सहभाग होता, आणि त्यातील योनाच्या पुस्तकाचे भाषांतर त्यांनी केले होते. महाकथा त्यापूर्वीच लिहून झाली होती. तेव्हा एकावरून दुसरे सुचले असे मी म्हणत नाही. पण दुष्टाला सोडून दिल्याबद्दल रागावलेल्या मनुष्याची गोष्ट त्यांच्या वाट्याला यावी, हे मोठे समर्पक झाले.

योना का रागावला? परराष्ट्रीयांविषयीच्या संकुचित वृत्तीमुळे, असे आपण रविवारच्या शाळेत शिकवितो. ते खरे असले तरी अपुरे आहे. २ राजे १४:२५ प्रमाणे अमित्तयाचा पुत्र योना हा दुसऱ्या यराबामाच्या काळातला, म्हणजे इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला, उत्तरेच्या इस्राएल राज्यातील संदेष्टा. निनवे हे अश्शूरांचे नगर. त्याच अश्शूरांनी इ. स. पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन घेतले आणि त्या राज्यातील लोकांना देशोधडीला लावले. योनाचे पुस्तक केव्हा लिहिले गेले व ते कोणत्या प्रकारचे लेखन आहे, ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु शोमरोनाच्या पाडावानंतर ज्या ज्या यहूदी मनुष्याने ते वाचले त्याला पुढचा खंड ठाऊक होता. निनवेची गय झाली, आणि योनाच्या राज्याची राख झाली. इ. स. पू. ६१२ मध्ये निनवे पडले, पण त्यामुळे ते गेलेले लोक परत आले नाहीत.

येथे गोलम ज्वालामुखीत पडत नाही. येथे दया फायद्याची ठरली नाही. आणि तरीही देव त्या पुस्तकात आपल्या दयेबद्दल खेद व्यक्त करीत नाही, की पुढे ह्यातून असे भले होईल असे समर्थनही करीत नाही. वेलीबद्दल तुला 'हूस' वाटले, मग मला ह्या नगराबद्दल वाटू नये काय, असे तो विचारतो. क्रियापद तेच, डोळ्यांचे. योना त्या वेळी नगराबाहेर पूर्वेस मांडव घालून, नगराचे काय होते ते पाहत बसला आहे. पाहतो आहे तो नगराचा शेवट. नगरातली माणसे त्याने पाहिलेली नाहीत.

ह्या प्रश्नाला आमच्या राज्यात आज धार आली आहे. जानेवारी २०२५ मध्ये बस्तर जिल्ह्यातील छिंदवाडा गावी एका वृद्ध पास्टरांचे निधन झाले. त्यांना गावातच मूठमाती देण्यास विरोध झाला. मुलगा उच्च न्यायालयात व तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींची मते भिन्न पडली, आणि अखेर दुसऱ्या गावच्या, करकापालच्या, ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश निघाला. तोवर सुमारे तीन आठवडे तो देह जगदलपूरच्या शवागारात होता. अशी बातमी वाचून रायपूरच्या एखाद्या ख्रिस्ती तरुणाच्या तोंडून फ्रोडोचा उद्गार निघाला तर त्याला मी अधार्मिक म्हणणार नाही. विरोध करणारी माणसे आपण पाहिलेली नाहीत. आपल्यापासून सुमारे तीनशे किलोमीटरवरची ती माणसे आपल्यासाठी वर्तमानपत्रातील एक शब्द आहेत. ती पाहिली तर कळवळा येईलच असे मी म्हणत नाही. याजक आणि लेवी आठवतात.

पण शेजारच्या ओडिशात हे घडलेले आहे. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन लहान मुलगे, फिलिप व तिमथी, ह्यांना गाडीत जिवंत जाळण्यात आले. ग्लॅडिस स्टेन्स ह्यांनी क्षमा जाहीर केली ती खटला उभा राहण्यापूर्वीच. शिक्षा नव्हे, पश्चात्ताप व्हावा हीच आपली इच्छा असल्याचे त्यांनी चौकशी आयोगाला कळविले. कायद्याने आपले काम थांबवावे असे मात्र त्यांनी म्हटले नाही. क्षमा आणि अपराधाचे परिणाम ह्यांची गल्लत करू नये, असे त्यांनी पुढे स्पष्ट केले. हा भेद महत्त्वाचा आहे. टोल्कीनांच्या कथेतही गोलमला सोडा असे कोणी म्हणत नाही. त्याला दोरीने बांधून आणले जाते, पहाऱ्यात ठेवले जाते. दया म्हणजे पहारा उठविणे नव्हे. २००३ मध्ये आरोपींना शिक्षा झाली, २००५ मध्ये मुख्य आरोपीची फाशी जन्मठेपेत बदलली गेली, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दुसरा जन्मठेपेचा कैदी एप्रिल २०२५ मध्ये चांगल्या वर्तणुकीमुळे तुरुंगातून सुटला. ग्लॅडिसबाईंच्या क्षमेला ह्यांपैकी कोणत्याही तारखेची वाट पाहावी लागली नव्हती. ती पहिल्या खंडातली क्षमा होती.

योनाच्या शेवटच्या वचनाविषयी एक भाषिक टीप देऊन थांबतो. इब्री भाषेत प्रश्न दाखविण्यासाठी वाक्याच्या आरंभी बहुधा एक लहान अक्षर जोडतात. ह्या वचनात ते नाही, आणि प्राचीन हस्तलिखितांत प्रश्नचिन्ह असण्याचा तर प्रश्नच नव्हता. केवळ शब्दांकडे पाहिले तर देव म्हणतो आहे की मी निनवेची गय करणार नाही, असेही वाचता येते, आणि काही अभ्यासकांनी तसे वाचलेही आहे. मराठीसह बहुतेक भाषांतरांनी वाक्याचा स्वर व आधीचा वेलीचा दृष्टांत लक्षात घेऊन तेथे प्रश्न केला आहे. मलाही तेच बरोबर वाटते. चिन्ह कागदावर भाषांतरकार देतो. योनाचे उत्तर पुस्तकात कोठेच नाही. उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे एवढे सांगून झाल्यावर वाक्य संपेल असे वाटते, तोच त्याला आणखी एक शेपूट जोडलेले आढळते. मराठी वाक्यात ते शेवटी बसत नाही म्हणून पुढे घेण्याचा मोह होतो. पण मुळात ते शेवटीच आहे : आणि पुष्कळ गुरेढोरे.